कोरड्या ओढ्यातले बगळे

"अगं, हळू! सगळी बदकं उडवशील!" सुमंत ओरडला.

"आणि तू काय कुजबुजतोयस का?" लीनानं फणकाऱ्यानं पाखरांच्या नोंदींची वही उघडली.

सेहेचाळीस सालची दिवाळीची सुट्टी! बेलापूरची ही भावंडं पारनेरला विष्णुपंतकाकांकडे आली होती. काका तलावाचे ओव्हरसियर, मग काय, रोज सकाळी पाखरं बघायला तलावावर! सोबत राखणदार गहिनीनाथची साळू. तिला पाखरांची खडान्‌खडा माहिती. आज मात्र ती पाखरांकडे बघतही नव्हती.

"काय झालं गं?" लीनानं विचारलं.

"तळं रोज उतरतंय. बा चोरून पानी सोडतो, आसं तुमचे काका म्हनत्यात. आज सांजच्याला त्याला कामावरनं काढनार हायेत." साळूला रडूच फुटलं.

दोघांना फार वाईट वाटलं. एवढ्यात लीना किंचाळली, "बांधापलीकडे बघा! बगळे! एक, दोन... सात!"

"असतील. त्यात काय?"

"अरे वेड्या, तो ओढा कोरडा ना? मग काय खडे खातायत?"

तिघं धूम पळाली. ओढ्यात घोटाभर पाणी! मासे मटकावत बगळ्यांची नुसती चंगळ चालली होती. पाणी येत होतं बांधाखालच्या मोरीतून, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या वाटेतून, आणि पाण्याबरोबर कुजलेला झेंडूही!

"इथं झेंडू कुठला?"

"खंडेनवमीला तुमच्या काकांनी मोरीच्या दाराची पूजा केल्ती," साळू म्हणाली. "दार पार वर उचलून खालच्या कडेला हार-नारळ बांधला हुता."

"मग सोडला कधी?"

साळूनं तोंडावर हात ठेवला. "न्हाई सोडला! तसंच दार खाली घेतलं!"

आता काकांना सांगायचं कसं? ते तर कुणाचं ऐकून घेत नसत. सुमंत धावत घरी गेला.

"काका, चला लवकर! कोरड्या ओढ्यात बगळे मासे खातायत!"

"काहीतरीच बडबडतोस! कोरड्या ओढ्यात कुठले मासे?" म्हणत काका तरातरा आले, आणि ओढ्यातलं पाणी पाहून थबकले.

"पण दार मीच घट्ट बसवलंय! दार खाली घ्यायचं चाक पुढे फिरेचना, इतकं!"

"नारळावर टेकलं, मग फिरेल कसं?" लीना म्हणाली.

काकांनी गहिनीनाथला बोलावून दार वर घेतलं. लाल नाड्यानं बांधलेला नारळ जसाच्या तसा! काकांचा चेहरा पडला. सगळ्यांसमोर त्यांनी टोपी काढली.

"गहिनीनाथा, चूक माझी आणि आळ तुझ्यावर! माफ कर मला. काम तुझंच आहे. आणि पोरांनो, शाबास! मला दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत."

गहिनीनाथनं साळूला जवळ घेतलं.

"आजच्या वहीत काय लिहू गं साळू?" लीनानं विचारलं.

साळू डोळे पुसत हसली. "लिवा की! बगळे सात, नारळ एक!"