बंदराकडच्या खोलीचं भांडण

मला नवरा आहे, हे मला पहिल्यांदा एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता फोनवर कळलं.

फोन मीच केला होता. समुद्राकाठच्या एका मासेमारीच्या गावात, बंदराच्या अगदी वर, एक मावशी खोली देते असं ऐकलं होतं. पानगळीतला एक शनिवार-रविवार मला हवा होता. मावशीने आधी विचारलं, काम काय करता. नावं ती लिहून घेतच नाही. नावं विसरतात, काम विसरत नाही म्हणाली. मी म्हटलं, कवळ्या बनवते. मग मी विचारलं, खिडकी बंदराकडेच उघडते ना, आणि उगाच बोलायला कुणी येत नाही ना? पलीकडून एक समजूतदार सुस्कारा आला.

"तुमच्या मिस्टरांनीही सकाळी हेच विचारलं. त्याच दोन दिवसांसाठी. तुमच्याइतकेच चिडलेले होते," मावशी म्हणाली. "लिहून ठेवलंय मी... वजनकाटेवाले."

"मला मिस्टर नाहीत."

"असं बोलू नये हो. राग काय, येतो-जातो."

मी हे तीनदा सांगितलं, दर वेळी आवाज थोडा चढवून, आणि दर वेळी मावशीची खात्री थोडी वाढली. नवरा ही ओरडून नाकारता येणारी गोष्ट नाही. शेवटी तिने मला त्याचा नंबरही दिला. रागाच्या भरात तुम्ही काढून टाकला असेल, म्हणाली.

आता हे दोन दिवस मला का हवे होते ते सांगते, म्हणजे माझा राग नीट समजेल. आमच्या घरातली प्रत्येक सहल मी ठरवते. तिकिटं, खोल्या, भाऊजींच्या उशीची उंची, सगळं. आणि प्रत्येक सहलीत, प्रत्येक गावी, पोचल्यावर पाचव्या मिनिटाला कुणीतरी मला विचारतं, "टॉवेल कुठेय?" गेल्या वर्षी डोंगरावर सूर्योदय होत होता. सगळे गप्प झाले होते. मी पहिल्यांदाच काहीतरी सुंदर बघत होते, आणि मागून ताई म्हणाली, "अगं, टॉवेल..."

म्हणून या वर्षी मी घरात जाहीर केलं की मी एकटी जाणार. ताईने विचारलं, किती खोल्या घेतल्यास. मी म्हटलं, एक, माझी. मग आई काळजीने म्हणाली, "एकटीच? मग तुला टॉवेल कोण देणार?"

तर ही खोली मी कुणालाही देणार नव्हते. नसलेल्या नवऱ्याला तर अजिबातच नाही.

मी त्याला फोन केला. त्याने उचलला आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, "तुम्हीच का त्या? मावशींचा फोन येऊन गेला. म्हणाल्या, बायको रागात आहे, नमतं घ्या. मी नमतं घेणार नाही."

अशा रीतीने आमची ओळख झाली.

शनिवारी मी त्याच्या दुकानात गेले. फोनवर भांडून समाधान होईना. समोर माणूस असला की जरा जीव ओतता येतो. दुकान अरुंद होतं. भिंतीला लागून काटे उभे होते: भाजीवाल्यांचे, रद्दीवाल्यांचे, आणि दारात एक गोणी तोलायचा, खाटेएवढा. शटरच्या खालून वाळकी पानं आत आली होती. तो एका काट्यावर वाकून बसला होता. उंच, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर असा भाव की सगळं जग पाच ग्रॅमने चुकलंय आणि ते त्याला एकट्यालाच दिसतंय.

त्याने त्याची बाजू मांडली. त्या गावातल्या मासळीच्या लिलावाचे काटे तो दर वर्षी या दिवसांत तपासतो. गेल्या वर्षी त्याने सगळे चुकीचे ठरवले, एकूण एक. तेव्हापासून गावात त्याला कुणी खोली देत नाही, चहावाला चहा देत नाही. फक्त मावशी देते, कारण तिच्याकडे काटा नाही. खोली मिळाली नाही तर त्याला लिलावाच्या शेडमध्ये, बर्फाच्या पेट्यांवर झोपावं लागेल.

"मग झोपा," मी म्हटलं.

"आणि खिडकीचं काय? पहाटे होड्या परत येताना त्या खिडकीतून दिसतात म्हणे. दिवे आधी दिसतात, होड्या मागून. मी वर्षभर काटे बघतो, बाई. दोन दिवस मला काहीतरी असं बघायचंय जे तोलावं लागत नाही."

हे वाक्य मला आवडलं. त्यामुळे मी आणखी चिडले. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी समोरच्या मखमली पेटीतलं एक पितळी वजन उचललं.

तो ताडकन उठला. ती तपासणीची वजनं होती. त्यांना नुसत्या हाताने शिवायचं नसतं, चिमट्याने उचलायचं असतं. बोटाचा घामही वजनात धरला जातो.

"म्हणजे आता याचं वजन वाढलं?" मी विचारलं.

"हो."

"किती?"

त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुमच्याइतकं," तो म्हणाला, आणि मग स्वतःवरच चिडल्यासारखा चष्मा डोळ्यांवर ओढला.

मी वजन खाली ठेवलं आणि निघून आले. सोमवारी बनवलेली कवळी बुधवारी परत आली. पेशंटची तक्रार होती की हसलं तरी दातओठ खाल्ल्यासारखं दिसतं.

त्यानंतर आम्ही तीन आठवडे रोज भांडलो. कुणीच हटेना, म्हणून दोन दिवस वाटून घ्यायचे ठरले. मी दाताचे साचे वाळत घालता घालता, तो काटे उलटे करता करता, फोनवर एकेक तास वाटून घेत होतो. पहाटे चारला तो लिलावाला जाईल, तोवर खिडकी त्याची. चारनंतर माझी. पलंग माझा, ओसरीवरचा बाक त्याचा. बाकाची लांबी त्याने मावशीकडून मोजून मागवली. पावणेपाच फूट निघाली. त्यावरून दोन दिवस भांडण. पाऊस आला तर बाक आत घ्यायचा का, यावर तर मी त्याला उलट्या काळजाचा म्हटलं... की त्याने मला? आठवत नाही. त्या दिवशी तो फोन ठेवायच्या आधी थोडा थांबला होता, तेवढं आठवतं.

ताईने एकदा दाराआडून ऐकलं आणि विचारलं, "भांडतेयस की सहल ठरवतेयस?" मी म्हटलं, दोन्ही. ताई म्हणाली, आमच्या संसारात पण असंच होतं. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, त्याचा फोन आला नाही. दुपारी दोनपर्यंत मी वाट पाहिली. वाट पाहते आहे हे लक्षात आल्यावर माझा संताप झाला, म्हणून मी मावशीला फोन केला.

"मिस्टरांनी रद्द केलं की सकाळीच," मावशी म्हणाली. "ते शेडमध्ये झोपणार. म्हणाले, तिला एकटीला येऊ द्या. दोन दिवस तिला कुणी काही विचारू नका, टॉवेल आधीच खुंटीला लावून ठेवा. तीनदा बजावलं त्यांनी."

टॉवेलचं मी त्याला कधी सांगितलं होतं? बाकाच्या भांडणात कधीतरी, ओघात, ओरडून. त्या आरडाओरड्यातून त्याने नेमकं तेवढंच उचलून जपून ठेवलं होतं.

मला आयुष्यात कुणाचा इतका राग आला नव्हता. मी तीन आठवडे घासून घासून दोघांचा बेत आखला होता, आणि हा माणूस परस्पर मोठेपणा करून मोकळा. मी मावशीला म्हटलं, मग मलाही खोली नको.

"थांबा, थांबा," मावशी म्हणाली. "दुसरी खोली आहे की. तिलाही खिडकी आहे, बंदराकडेच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "दुसरी खोली... पहिल्यापासून होती?"

"होती तर. पण भांडून आलेल्या नवरा-बायकोला मी दोन खोल्या देत नाही. वेगळं झोपवलं की भांडण मिटत नाही. तीस वर्षांचा नियम आहे माझा."

"मावशी, आम्ही नवरा-बायको नाही."

"बरं, नसाल," मावशी शांतपणे म्हणाली. "मग तीन आठवडे रोज भांडत कशासाठी होता?"

मी फोन ठेवला. एप्रन काढला आणि त्याचं दुकान गाठलं.

तो पेटी बांधत होता. मी दारातल्या गोणीच्या काट्यावर चढून उभी राहिले, कारण आत उभं राहायला जागा नव्हती आणि मला त्याच्यापेक्षा उंच व्हायचं होतं. आकडा वाचू नका म्हटलं. त्याने मान फिरवली. मग मी त्याला जे जे बोलायचं ते बोलले: की मोठेपणा कुणी मागितला होता, की खोल्या दोन आहेत, की बर्फावर झोपून न्यूमोनिया झाला तर मी भेटायला येणार नाही, की मला एकटीला जायचं होतं ते महिन्यापूर्वी, आणि आता... इथे मी थांबले.

मखमली पेटी उघडून त्याने माझ्यासमोर धरली. सगळी वजनं लखलखत होती, एक सोडून. त्या एकावर माझ्या बोटांचे ठसे अजून तसेच होते.

"तीन आठवडे पुसलं नाही मी," तो म्हणाला. "कामातून गेलंय. आता याच्याशिवायच तपासणी करावी लागणार. तुमच्यामुळे."

"पुसायचं की मग."

"नाही पुसवत."

बाहेर वाऱ्यावर पानांचा एक लोट रस्ता ओलांडून गेला. मी काट्यावरून उतरले. काटा शून्यावर आला. माझं मात्र तसं काही झालं नाही.

"बसमध्ये खिडकी माझी," मी म्हटलं.

"माझी मागची खिडकी. तिकीट आत्ता काढतो."

"तिथे माझ्याशी उगाच बोलायचं नाही."

"तुम्ही बोलल्याशिवाय नाही." तो पेटीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. कान लाल झाले होते. "आणि एक..."

"आता काय?"

"टॉवेल माझा मी आणतोय," तो म्हणाला.

मला याहून सुंदर असं आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं. इतका राग आला की मी त्याचा हात धरला.