मागचं दार

इंजिनिअर बाईंनी गिलावा खरवडलेल्या भिंतीवर हात ठेवला, दाराच्या कोपऱ्यातून निघून तिरकी वर छतापर्यंत गेलेली भेग दाखवली आणि विचारलं, “इथे दार पाडायची अक्कल कुणाची?”

भाऊ जमिनीकडे बघू लागला, भावजय भावाकडे. शेवटी ताईच म्हणाली, “माझी.”

“वर तुळईचं टोक टेकलंय, ते दिसलं नाही? सगळ्या माडीचा भार ज्या भिंतीवर, नेमकी तीच कापलीत! बरं, दारावर आधाराला एक पट्टीसुद्धा नाही. तुळई खाली बसलीय... अजून घर उभं आहे हे नशीब समजा.”

झालं! माडीवरची जुनी फरशी काढून नवी घालायची, एवढ्याच बेतानं काम काढलं होतं, आणि निघालं हे. कित्येक वर्षांत बहिणीशी एक अक्षर न बोललेला भाऊ आता बोलला, आणि बोलला तेही असं! “माझी पोरगी वर झोपते, ताई! तुझ्या एका हट्टापायी घर खचलं... तिला काही झालं असतं म्हणजे?”

उत्तर ताईच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. गिळायची तिला सवय होती.

तशी हकीकत मोठी नाही. आईवडील लवकर गेले तेव्हा ताई शिवणकारखान्यात लागली, धाकट्याला शिकवलं, चालून आलेलं चांगलं स्थळ ‘आधी याचं शिक्षण होऊ दे’ म्हणून परतवलं, आणि ते स्थळ दुसरीकडे सुखानं नांदूही लागलं. याबद्दल तिनं कधी ब्र काढला नाही हे खरं. पण भावानं ते आपलं आपण ओळखावं अशी तिची मनोमन आस होती, हेही तितकंच खरं. भावाचं लग्न झालं. एकदा त्याचे साहेब घरी आले होते आणि ताई कामावरून परतली, केसांत कापसाचे तंतू, हातात डब्याची पिशवी, तशीच दिवाणखान्यातून आपल्या खोलीकडे चालली, तेव्हा हा सगळ्यांदेखत म्हणाला, “ताई, तू मागून येत जा ना!”

मागून!... पण मागे दार होतं कुठे?

नव्हतं, म्हणून तिनं आपल्या खोलीच्या मागच्या भिंतीत पाडून घेतलं. दुसरी एखादी चार दिवस रुसून बसली असती. हिनं गवंडी बोलावला. तोही असा, की हात लागेल तिथे भिंत फोडून मोकळा झाला. तेव्हापासून ताई मागून येऊ लागली, मागून जाऊ लागली. तिचा स्वयंपाक वेगळा, तिचा नळ वेगळा. तिच्या खोलीतून दिवाणखान्यात उघडणारं आतलं दार बंद झालं ते झालंच. भावानं पलीकडून त्याला कपाट लावलं. एका घरात राहून दोघं एकमेकांना मेल्यासारखे होते, म्हणा ना!

“लोखंडी तुळई टाकून दार ठेवता नाही का येणार?” भावजयीनं विचारलं. मनानं बरी होती बिचारी.

“बाजूच्या विटांचा भुगा झालाय. बुजवल्याशिवाय इलाज नाही,” इंजिनिअर बाई म्हणाल्या. “पण मग यांनी जायचं-यायचं कुठून?”

“बुजवा,” ताई म्हणाली. “माझं मी बघते.”

आणि तिनं बघितलंही. कारखान्यातल्या एका मैत्रिणीच्या घरी वरची खोली ठरवली. आपल्याच घरात शिरायला कुणाची परवानगी मागणं तिच्या रक्तात नव्हतं. शिवाय ज्या पोरीला तिनं दुरूनच वाढताना पाहिलं, जिचं तोंड बघायला कुणी तिला कधी बोलावलं नाही, ती झोपते तीच माडी आपल्या अभिमानानं खिळखिळी व्हावी, या विचारानं तिचं अंतःकरण पोळून निघालं होतं. जावं... निमूटपणे जावं... घर तरी उभं राहील!

तुळईखाली टेकू लागले. नव्या गवंड्यानं मागच्या दारात विटा रचायला घेतल्या. भिंत गुडघ्याएवढी झाली तरी ताई आत सामानच भरत होती.

“ताई, आत राहणार की बाहेर येणार?” गवंडी म्हणाला. “काय ते ठरवा बाई, माझा सिमेंटचा माल सुकतोय.”

“आले रे, घाई कसली!” म्हणत तिनं बॅग उचलून विटांवर ठेवली. अंगणातून भावजयीनं ती बॅग पाहिली मात्र, आणि ती नवऱ्याला हाका मारत आत धावली.

क्षणभरानं आतल्या दारावर थाप पडली.

“ताई, दार उघड.”

ताईचा पाय विटांपाशीच अडला. “मी कसं उघडू? कपाट तू लावलंयस!”

“कपाट पोर दोन महिन्यांची असतानाच काढलं मी. तिला तुझ्या ओटीत द्यायला आलो होतो... किती वाजवलं दार! तू उघडलं नाहीस.”

त्या दुपारचे ते ठोके ताईला आठवले. पांघरूण डोक्यावर घेऊन ती किती रडली होती तेव्हा!

“ते वाजवणं होतं?... मला वाटलं, तू दाराला खिळे मारतोयस!”

“खिळे? हात सुजला गं माझा!”

“मग मागून का नाही आलास, ठोंब्या?”

पलीकडून त्याचा आवाज आला, पार फुटलेला. “त्या दारानं यायला मला तोंड होतं का, ताई? ते दार तू नाही पाडलंस... मी पाडलं.”

हेच शब्द! यांचीच तर ती इतकी वर्षं वाट बघत होती... आणि आता ते कानी पडले तेव्हा तिला त्यांचं काहीच वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की दोन महिन्यांची पोर घेऊन हा इथे उभा होता आणि आपण पांघरुणात तोंड खुपसून पडलो होतो!

ती आतल्या दारापाशी गेली आणि थबकली. दाराला कडी होती. ती तिच्याच बाजूनं लावलेली होती.

ओढून पाहिली, गंजून घट्ट बसली होती. पलीकडून भाऊ दार ढकलत होता. “ताई, निघत नाही का? थांब, मी मागून येतो...”

“तू हलू नकोस तिथून!” ताई रडत ओरडली. “कडी माझी आहे, मीच काढते!” तिनं मागच्या दाराशी धावत जाऊन गवंड्याच्या हातातली हातोडी ओढून घेतली.

“आणि मी काय करू?” गवंड्यानं विचारलं.

“तू लाव विटा,” ती म्हणाली, आणि बॅग आत ओढून घेतली.