दहा मोजायचे

रात्री सव्वाआठला ती काकांकडे पोचली तेव्हा तिच्या हातात नव्या तंगुसाचं, गळाच्या नायलॉन दोरीचं, बंडल होतं, प्लास्टिकसुद्धा न उघडलेलं. काम दहा मिनिटांचं होतं. बाबांचं मोठं रीळ काकांच्या मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं होतं. ते उतरवायचं, त्यात नवा तंगूस भरायचा आणि पहाटे चारला धक्क्यावर हजर व्हायचं. नऊ महिन्यांनी बाबांची बोट पहिल्यांदा खोल पाण्यात जाणार होती. मोठा कुपा मासा पकडायची हौस असलेली दोन गिऱ्हाइकं मिळाली होती. सुकाणूवर काका. मागे, गळांपाशी, बाबांच्या जागी, ती.

"बस जरा," काका म्हणाले.

"बसायला वेळ नाही, काका."

"तुला कधी असतो? बस."

टेबलावर काकांचा मुलगा इस्त्री करत होता. दादा बोटीवर येणार नव्हता. त्याला भरलेल्या बादलीकडे बघूनसुद्धा बोट लागते, असं बाबा म्हणायचे.

"एकाची गोष्ट सांगायची आहे," काका म्हणाले. "माझ्या ओळखीतला होता."

"भूत आहे का त्यात?" दादानं विचारलं.

"आहे."

"मग पटकन सांगा. मला अजून दोन शर्ट करायचे आहेत."

"भुतं बरी नेमकी ओळखीतल्या माणसांनाच भेटतात," ती म्हणाली. "अनोळखी माणसाला कुणी विचारतच नाही."

काका हसले नाहीत. चाळीस वर्षं इंजिनं खोलून त्यांच्या नखांत काळं कायमचं बसलं होतं. तेच ते एका नखानं दुसऱ्या नखातून काढत बसले होते.

"हा माणूस बोट चालवायचा. त्याचा भाऊ मागे उभा राहायचा. चालत्या बोटीमागे चार गळ सोडायचे आणि दिवसभर ओढत न्यायचे. त्यांच्यात एक नियम होता. भावानंच घातलेला. मासा लागला की रीळ किंचाळतं. तेव्हा सुकाणूवरच्यानं मागे बघायचं नाही. वेग तोडायचा नाही. मोठ्यानं दहा मोजायचे आणि मगच बोट हळू करायची. आधीच थांबलं तर दोरी सैल पडते. गळ रुतत नाही, मासा सुटतो."

"हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलंय बाबांनी."

"ऐक."

कोणाची गोष्ट आहे हे तिला कळलं होतं. दादालाही कळलं असावं, कारण त्यानं इस्त्रीचा खटका बंद केला. तेवीस फेब्रुवारीला बाबा पाण्यात पडले, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. काका रात्रभर तिथेच घिरट्या घालत राहिले होते. बाबा सापडले नाहीत. काकांचा पोलिसांतला जबाब पाच ओळींचा होता. त्यानंतर नऊ महिने त्यांनी त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आता बोलायचं तर ओळखीतला माणूस. मोठ्या माणसांची हीच तर तऱ्हा. खरं सांगायलासुद्धा यांना दुसऱ्याचा खांदा लागतो.

"काका, सरळ 'मी' म्हणा ना."

"मला असंच सांगता येतं."

ती बंडल मांडीवर घेऊन बसली.

"संध्याकाळ झाली होती. मासा लागला नव्हता. भाऊ मागे एक एक गळ आवरायला लागला. तंगूस हातानं ओढत होता. घाईत त्याचा एक फेरा मनगटाला पडला असणार. आणि नेमका त्याच गळाला मासा लागला. रीळ किंचाळलं. यानं मोजायला घेतलं. एक. दोन. तीन. चार..."

काका थांबले.

"चारला भाऊ ओरडला. 'थांब.'"

"मग?" दादानं विचारलं.

"पाच," काका म्हणाले. "सहा. सात..."

पंखा फिरत होता. अर्धवट इस्त्री झालेल्या शर्टाची एक बाही टेबलावरून खाली लोंबत होती.

"मासा लागला की मागचा माणूस काहीही ओरडतो. आला, गेला, सोड, थांब. नियम होता. दहा झाल्यावर यानं वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. बोट थांबवली. रीळ थांबलं नाही. शेवटच्या गाठीपर्यंत तंगूस गेला, आणि तुटला."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"चारला काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही."

ती संतापाची वाट बघत राहिली. एरवी तो तिच्या नाकावरच असायचा. आज आला नाही. तिनं बंडलावरच्या प्लास्टिकला बोट लावलं. बोट कुणा दुसऱ्याचं असावं तसं तिला ते दिसलं.

"भूत अजून पुढे आहे," काका त्याच आवाजात म्हणाले. "सव्वीस मार्च. रात्रीचे पावणेनऊ. इंजिनाची चाचणी घ्यायला तो एकटाच बोट घेऊन गेला. वारा नव्हता. भावाचं रीळ मागे जागेवरच होतं. रिकामं. त्यावर एक धागासुद्धा नाही. ते वाजलं."

"रिकामं रीळ?"

"टिक. एकदाच. मग... काही नाही. मग परत. मग किंचाळायलाच लागलं."

दादा खुर्ची ओढून बसला.

"वळायचं होतं. मान वळेना. मग मागून मोजणं आलं. सावकाश. एक... दोन... तीन... चार..."



"पाच?" तिनं विचारलं.

"नाही. पाच नाही. पुढे नुसतं... मागे कुणीतरी उभं असतं ना, तसं. भाऊ बघत होता. मी थांबतो का ते."

काका पहिल्यांदा 'मी' म्हणाले होते.

"थांबलात?"

"वेग तोडायला हात उचलला गेला नाही."

काका पुन्हा नखं कोरायला लागले.

"धक्क्याला आलो. रीळ काढलं, आणून खिळ्याला टांगलं. मग समुद्रात गेलोच नाही. उद्या मागे तू आहेस. म्हणून सांगितलं."

"उद्या मोजायचं नाही," ती म्हणाली. किराणा सांगावा तसा तिचा आवाज सपाट होता. "हाक आली की थांबायचं. मासा गेला तर गेला. आणि सुकाणूवर मी. मागे तुम्ही उभे राहा."

काकांनी होकारार्थी मान हलवली. मग विचारलं,

"मी हाक मारली तर थांबशील?"

तिला हो म्हणायचं होतं.   दादा तिच्याकडे बघत होता. ती उठली आणि रीळ आणायला मागच्या खोलीत गेली.

दिवा लावला. रीळ खिळ्यावरून उचललं आणि तिचा हात खाली गेला.

जड होतं.

रीळ काठोकाठ भरलेलं होतं. बाबांचा पिवळा तंगूस, फेऱ्याला फेरा लागून, बाबा भरायचे तसा. तिचा तळवा ओला झाला. खाली फरशी कोरडी होती.

तिनं टोक शोधलं. टोकाला एक वेटोळं होतं. मनगटाएवढं.