खणातला कीबोर्ड

ही घटना खरी आहे. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं, नंतर मला विज्ञान शिकवायला येऊ नये.

मे २०११. धायरी. वेळ भर दुपारची, दीडची. भुताला रात्रच लागते, हे ठरवलं कोणी?

रामदास माझा मावसभाऊ. खाली लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान, वर घर. एक ते चार दुकान बंद. पुण्याचा हा धर्म तो काटेकोर पाळायचा.

त्याची बायको नीरजा. तिचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा श्रीनिवास आयटीत होता, हिंजवडीच्या रस्त्यावर अपघातात गेला. मागे राहिला त्याचा लॅपटॉप.

जेवणं झाली की ती तो उघडून बसायची.

"श्रीनिवास लिहायला बसला ना, की आधी स्पेसबार दोनदा दाबायचा. टक-टक," एकदा ती हसून म्हणाली.

ते हसू रामदासला झोंबलं. मेलेला तो 'श्रीनिवास', आणि आपण जिवंत असून नुसते 'अहो'!

त्या दुपारी लॅपटॉप तिनेच खाली आणून दिला. "अहो, यातला बाण आपोआप पळतो. बटणंही मधेच दाबली जातात. बघता का जरा?"

ती वर गेली. रामदासने शटर अर्धं ओढलं. टचपॅड पुसला. ब्रशने धूळ झाडली. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. माउस जोडून पाहिला.

दोष सापडेना.

मग त्याच्या मनात पाप आलं.

त्याने कीबोर्ड उचकटून काढला. टचपॅडची केबल सोडवली. माउसही उपटला. कीबोर्ड खणात टाकून कुलूप लावलं. 'याचे पार्ट आता मिळत नाहीत,' असं सांगायचं. कटकट मिटली!

लाइट गेली. पंखा थांबला. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

टक... टक.

आवाज खणातून आला.

त्याने मान वर केली. स्क्रीनवर बाण चालत होता... सावकाश... फोटोंपाशी जाऊन थांबला.

रामदास आणि नीरजाच्या लग्नाचा फोटो उघडला... आणि पुसला गेला.

मग दुसरा... मग तिसरा.

जिन्यावर पावलं वाजली. नीरजा.

"झाला ना नीट? वर आवाज आला."

"मीच दाबत होतो," तो कसाबसा म्हणाला.

"छे हो. तुमचा हात जड आहे."

तिने लॅपटॉप छातीशी धरला आणि वर नेला. कीबोर्डच्या जागी पडलेलं भोक तिला दिसलंच नाही.

किंवा दिसलं.

कीबोर्ड अजून त्याच खणात आहे. रामदास त्याला हात लावत नाही, फेकूनही देत नाही.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे जेवायला होतो. हात धुऊन रामदास खाली गेला. मी दाराबाहेर चपला घालत होतो.

आतून नीरजावहिनींचा आवाज आला. हळू, लाडिक.

"थांब रे... पाहुणे जाऊ देत."

टक... टक.

मी तिथून सुटलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर रामदास उभा होता. त्यानेही ऐकलं होतं. रोजच ऐकत असणार.

खणाची किल्ली त्याच्या मुठीत होती.