शकुमामीचा एकच फोटो

ज्याले खोटं वाटते त्यानं समुद्रपूरले यावं, माह्या फोटो स्टुडिओत बसावं. मग बोलू.

यंदाचीच गोष्ट, दोन हजार आठचा मे. भर दुपार. रात्रीचं असतं तर मीच हसलो असतो.

चिंधूमामा, माह्या आईचा भाऊ, पेन ड्राईव्ह घेऊन आला. शकुमामी वारलेली, दुसऱ्या दिवशी तेरवी. पाटावर ठेवायले फोटो पाहिजे होता. मामीचा जन्मात एकच फोटो निघाला. कॅमेरा दिसला का बाई उठून आत जाये. हा एक कोणीतरी लग्नात चोरून काढलेला, खाटेवर बसलेली.

"एवढाच आहे रे बापू," मामा म्हणे. "जपून काढजो."

पेन ड्राईव्ह लावला का त्यातलं आपोआप सुरू होते. व्हायरस तसाच शिरते अन् फोटो खाऊन टाकते. म्हणून आम्ही फोटोवाले शिफ्टचं बटन दाबूनच लावतो. मग आपोआप काई उघडत नाई.

त्या दिवशीही दाबलं होतं. आईची शपथ, दाबलं होतं.

तरी... उघडलं.

मामी. खाटेवर बसलेली. मामानं हात जोडले.

मग... दुसरा फोटो उघडला.

दुसरा आला कुठून?

त्यात मामी उभी होती.

तिसऱ्यात तिची पाठ. चौथ्यात ती दारापाशी. मी बटनं दाबून राह्यलो, काईच ऐके ना. पेन ड्राईव्ह उपटला. तरी चालूच.

"थांबव ना रे तिले... जाऊन राह्यली." मामा लेकरासारखा रडायले लागला.

मेन स्विच पाडला. पंखा थांबला. स्क्रीन मात्र...

चालूच होती. अन् तिच्यावर रिकामी खाट.

तेरवीले पाटावर नुसता हार ठेवला. मामानं कोणाले काई सांगितलं नाई.

त्या कॉम्प्युटरवरून मी आठवडाभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राईव्ह भरून दिले. मले काय माईत?

कारंज्याच्या स्टुडिओवाल्याचा फोन आला. तुमच्याकडचा पेन ड्राईव्ह लावला, म्हणे, का एक म्हातारी आपोआप येते, अंगणातून चाललेली. मामानं पहिली एसटी धरली. पोचला तवा नुसतं अंगण होतं. मग सिंदी मेघेहून फोन. तिथंही तो उशिराच पोचला.

मी फॉरमॅट मारला. लिंबू उतरवलं. शेवटी कॉम्प्युटर भंगारात दिला. पण जे बाहेर पडलं ते माघारी कसं आणावं? मले तर काईच सुचत नाई.

आज सकाळी पुन्हा कारंज्याहून फोन आला.

म्हणे, म्हातारीनं तोंड इकडं फिरवलं आता... हात हलवून कोणाले तरी बोलावून राह्यली.

मामा बाहेर बाकावर बसला आहे, थैली मांडीवर घेऊन. फोन कोणाचा होता म्हणून दोनदा विचारलं त्यानं.

मी अजून काई बोललो नाई.