दुसऱ्यांदा घासलेली ताटं

खण्ण! बारकीनं आजचं नाणं डब्यात टाकलं, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या ताईच्या काळजात काहीतरी तुटलं...

आई गेल्यापासून सगळं घर ताईच्या अंगावर होतं. शिक्षण सुटलं, मैत्रिणी सुटल्या, पण तिनं कधी हूं की चूं केलं नाही. अलीकडे बाबांनी धाकट्या बारकीला पैशाची किंमत कळावी म्हणून घरकामाचे भाव ठरवले होते. भांड्यांचे इतके, केराचे इतके, आणि मिळतील ते साठवायचे. बारकी भांडी घासायची म्हणजे त्यांना पाणी दाखवायची! ती खेळायला पळाली की ताई तीच ताटं गुपचूप पुन्हा घासून ठेवायची. पोरीचा हिरमोड होऊ नये, एवढाच तिचा हेतू होता.

आज मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरांचे नकाशे काढायला शिकवणाऱ्या संध्याकाळच्या वर्गात नाव घालायचा उद्या शेवटचा दिवस होता. सकाळी धीर करून तिनं विषय काढला, तर पंखे-मोटारी दुरुस्त करणारे बाबा हातातल्या तारेवरून नजरही न उचलता म्हणाले, "संध्याकाळी घर कोण बघणार? एवढीशी बारकी बघ, किती कामं करते! तिच्याकडून शीक जरा!"

तिच्याकडून शीक! ताई खिडकीशी गेली, ओट्याशी आली, पुन्हा खिडकीशी गेली... ओट्यावर तेलकट ताटं पालथी घातलेली होती. सवयीनं तिचा हात घासणीकडे गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं तो मागे घेतला.

रात्री बाबांनी ताट पुढे ओढलं आणि त्यांचं बोट चिकटलं. "हे काय? आज घासली नाहीस?"

"रोजच्यासारखीच घासलीत!" बारकी फणकारली. "रोज चालतात की तुम्हाला!"

बाबा ताटाकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांची नजर ताईकडे वळली. "रोज... तू घासतेस?"

"तिच्यानंतर," ताई कशीबशी म्हणाली, आणि इतक्या वर्षांचा बांध फुटला. "मला पैसे नकोत हो, बाबा! पण एकदा तरी माझ्याकडे बघायचंत ना!"

बारकी धावत आत गेली आणि डबा आणून तिनं ताईच्या मांडीवर ठेवला. "हे तुझेच आहेत! मला खरंच माहीत नव्हतं गं, ताई..." तिला हुंदका आवरेना. ताईनं तिला घट्ट पोटाशी धरलं.

बाबा उठले आणि बाह्या सरसावून ओट्याशी गेले. "बारके, ये इकडे. संध्याकाळची भांडी आता आपली दोघांची." मग ते ताईकडे वळले. "पोरी, सगळ्या गावाच्या मोटारी दुरुस्त करतो मी, आणि माझं घर कुणाच्या जिवावर चाललंय ते मला दिसलं नाही गं... उद्या जाऊन नाव घाल."

डोळे पुसत ताई सवयीनं उठली. "तुमच्याकडून तेल राहील, बाबा. आणा इकडे."

"हात लावलास तर दंड!" नाक ओढत बारकी ओरडली. "डब्यात टाकावा लागेल!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई बाहेर पडली, तेव्हा बारकीनं तो डबा पेन्सिली घ्यायला म्हणून तिच्या पिशवीत कोंबला होता. गल्लीच्या तोंडाशी तिला घरातून भांडं पडल्याचा आवाज आला, मागोमाग दोघांचं भांडणही. तिचं पाऊल मागे वळलं... क्षणभर ती तशीच उभी राहिली, आणि मग पिशवी खांद्यावर नीट घेऊन भराभर पुढे चालू लागली.