हाक मारा

आमच्या नातीचं, दिशाचं, बारसं झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. श्रावणातली दुपार होती. जामखेडला आमच्या अंगणात बाया पाळणा म्हणत होत्या आणि दारात एक तरुण पाठीला पिशवी लावून घामाघूम उभा होता. शेजारच्या सत्यशीलाने त्याच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या.

"स्पीकरवाले ना तुमी? लई उशीर केला."

"नाही... मी वेबसाईटवाला. धवल. नगरहून आलोय, रतनबाईंकडे."

"मग आदी घुगऱ्या खावा. रतनबाई पाळना हालवत्यात."

तो खाली बघून हसला. ती मात्र बघतच राहिली.

रतनबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचा बचत गट शेंगोळ्यांसाठी हुलग्याचं पीठ विकायचा. धवलने वेबसाईटवर त्या पिठाची दोन पानं केली, कुठलं जास्त चालतं ते बघायला. अर्ध्या गिऱ्हाइकांना एक दिसायचं, अर्ध्यांना दुसरं. एक त्याने लिहिलं – 'पौष्टिक हुलगा पीठ', खाली बटण, 'संपर्क करा'. दुसरं सत्यशीलाने सांगितलं – 'थंडी वाजतीय? शेंगोळी करा. पीठ आमी दळलंय.' खाली बटण, 'हाक मारा'. कुठलंही बटण दाबलं की गटाचा फोन वाजायचा. तो सत्यशीलाजवळ असायचा. कुठल्या पानावरून किती फोन आले, ते वेबसाईट आपोआप मोजायची.

रतनबाईंनी तेव्हाच सत्यशीलाला सांगून टाकलं, "दसऱ्याला बघू. तुज्या पानाला जादा फोन आले, तर तू हितं गटाच्या कामाला. न्हाईतर जा आईबापासंगं उसाला."

गेल्या साली उसाच्या पाचटाने कापलेले हात सत्यशीलाने ओढणीत लपवले.

मग धवलचे फोन सुरू झाले. मी शेजारी हुलगे निवडत बसायची, फोनचा आवाज मोठा, सगळं ऐकू यायचं.

"हॅलो... वेबसाईट चालतेय का, ते बघत होतो."

"तुमीच केली, आन् मलाच इचारता व्हय?"

"काल आवाज नीट येत नव्हता."

"येबसाईटचा का माजा?"

"...तुमचा."

ती हळूच म्हणाली – "आता येतोय?"

दसरा आला. ओसरीवर सगळ्या बाया जमल्या, धवलने लॅपटॉप उघडला. 'हाक मारा' पुढे होतं! गटातल्या कडूबाईने सत्यशीलाच्या पाठीत धपाटा घातला. सत्यशीला हसत धवलकडे वळली... आणि तिचं हसू थांबलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"थांबा," तो म्हणाला. "चूक झालीय. मोजणीतून माझा फोन वगळायला मी विसरलो. मी दर वेळी त्या पानावरूनच फोन करत होतो. यातल्या बऱ्याच हाका... माझ्या आहेत."

"त्या काढल्या तर?" रतनबाईंनी विचारलं.

"माझं पान पुढे."



"नंबर व्हता की तुमच्याकडं," सत्यशीला म्हणाली. "बटन कशाला दाबायचं?"

"त्यावर 'हाक मारा' लिहिलंय. तुम्ही लिहिलंय... म्हणून."

"मला वाटलं, माजे शबुद चालले."

ती उठून गेली. पुढच्याच आठवड्यात मुकादमाच्या ट्रकात बसून राहुरीकडे उसाला गेली. त्याचा फोन तिने घेतला नाही.

धवलने आपला फोन वगळून मोजणी पहिल्यापासून लावली. गटाचा फोन आता रतनबाई उचलू लागल्या. खोकत खोकत बोलायच्या, पण एक हाक चुकू द्यायच्या नाहीत. पौषात थंडी कडक पडली आणि फोन थांबेनात. पुण्याचे, सोलापूरचे, कोण कुठले. 'हाक मारा' पुढे गेलं, आणि पुढेच राहिलं.

रतनबाईंनी धवलला बोलावून घेतलं. "चूक तुजी हाय ना? मग तूच जा. आन तिला."

पुढचं मला सत्यशीलानेच सांगितलं. फडात ती उसाची मोळी बांधत होती. तो बांधावर थांबला.

"हाका वाढल्या," तो म्हणाला.

"तुमाला धरून का वगळून?"

"मला वगळून."

तिने मोळीची गाठ आवळली.

"मग आता मारा."

"काय?"

"हाक. बटन न दाबता."

आजवर त्याने तिला नुसत्या नावाने कधी बोलावलं नव्हतं.

"सत्यशीला..."

"ओ," ती म्हणाली.

चैत्रात त्यांचं लग्न झालं. रतनबाईंनी खुर्चीत बसून अक्षता टाकल्या आणि गटाचा फोन सत्यशीलाच्या हातात दिला. रतनबाई दोन हजार चोवीसच्या वैशाखात वारल्या.